जाळ्यावर घेतलेलं नाव

आंधळगाव
दि. १८ फेब्रुवारी २०२५

प्रति,
सौ. सत्यभामा,
मुक्काम अड्याळ, मारोतरावांच्या घरी.

विषय: घरी परत येण्याबाबत.

मच्छीमार संस्थेचा सचिव म्हणून वीस वर्षं अर्ज लिहिले, त्यामुळे हात आपोआप असाच चालतो. 'विषय' लिहून झाल्यावर लक्षात आलं की बायकोला असं लिहीत नाहीत. पण खोडलं नाही. वाचून तुला हसू आलं तर बरंच आहे.

तुला जाऊन आज चौदा दिवस झाले. फोन केला की तुझे भाऊ मारोतराव म्हणतात, "बाई कामात आहे." एकतीस वर्षं संसार केला तुझ्याबरोबर, तू कामात असलीस तरी बोलतेस हे मला माहीत आहे. म्हणून कागद घेतला. अक्षर मोठं काढलं आहे. मारोतरावांच्या सुनेकडून वाचून घेऊ नकोस, तुझं तूच वाच.

त्या दिवशी तलावावर जे झालं ते मुद्दाम नव्हतं. मोठं जाळं गाळात अडकलं होतं. दोन रांगांत तीस माणसं कंबरभर पाण्यात उभी. मंगरूबुवा चाळीस वर्षं ओढणाऱ्यांना हाक देतात, पण त्यांचा घसा बसला. मला म्हणाले, "तू दे गा सचिवा." आता ऐन वेळी काय सुचणार? रोज सकाळी छपरीतून जे कानावर पडतं, ते तोंडातून निघून गेलं. तुझा जपाचा मंत्र निघून गेला. माणसांनी 'हैय्या' म्हटलं आणि जाळं हललं. तू शिदोरी घेऊन तलावाच्या बांधावर, पाळीवर आली होतीस हे मला नंतर कळलं.

घरी आल्यावर मी तुला हेच सांगितलं होतं. तू दोन दिवस काही बोलली नाहीस, भात रांधलास, कपडे धुतलेस आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या बसने निघून गेलीस. एवढ्याशा गोष्टीसाठी कोणी घर सोडतं का? देवाचंच नाव होतं, शिवी नव्हती. राईचा पर्वत करू नये माणसाने.

तुझी माळ छपरीत खुंटीवरच आहे. विसरलीस वाटतं. ती घ्यायला तरी ये.

आपला विश्वासू (हेही हातानेच लिहिलं)
लिलाधर


आंधळगाव
दि. ४ मार्च २०२५

सत्यभामा,

तुझं उत्तर नाही. मिथुन म्हणतो, "बाबा, तुम्ही काय लिवलं होतं?" मी म्हटलं, ये म्हणून लिहिलं. त्याने मान हलवली आणि फाटकं जाळं सांधायला घेतलं. पोराला आपल्या बापाची भाषा माहीत आहे.

मागच्या पत्रात एक गोष्ट अर्धी लिहिली. मंत्र तोंडातून एकदा नाही निघाला. जाळं काठाला लागेपर्यंत मी तीच हाक देत होतो. पहिल्या दोन हाकांनंतर रांगेतल्या राजकुमारने विचारलं, "हे काय नवीन हाय गा, सचिव?" तेव्हा मला थांबता आलं असतं. मी म्हणालो, "आमच्या भगतिनीचा मंतर हाय. मानसाइले तर तारतेच, मासोळ्याइले बी तारते!" तिथे सगळे हसले. मग मला चढली. दारूसारखी नव्हे, दारूपेक्षा जास्त.

आता तुझ्यापासून काय लपवू? त्या हसण्याची मला गरज होती. कार्तिकात तू अड्याळला गेलीस आणि माईजींकडून कान फुंकून आलीस. गावात गुरू केला म्हणायचं तर कान फुंकला म्हणतात आणि नवरा-बायकोत वितुष्ट आणलं तरी कान फुंकले म्हणतात. मला पहिल्या दिवसापासून दुसरंच ऐकू आलं. वाटलं, त्या म्हातारीने माझ्याविरुद्ध काहीतरी तुझ्या कानात टाकलं आहे. पिढ्यान् पिढ्या मासे धरणाऱ्याच्या घरात बायको मासोळीला हात लावेना, बाजारात टोपली घेऊन सून रंजू बसू लागली. पाळीवर रोज कोणीतरी विचारी, "काय गा लिलाधर, तुले बी माळ घालते का बाई?" मी हसण्यावारी नेई आणि घरी येऊन ताट आपटी.

खरं म्हणजे तू मला एकदाही मासे मारू नको म्हणाली नाहीस. वेगळी चूल नाही, वेगळं बोलणं नाही. माझ्यासाठी मरळ शिजवायचीस, फक्त चव पाहायला रंजूला बोलवायचीस. तू भांडली असतीस तर मी भांडलो असतो. तू भांडत नव्हतीस आणि सकाळी अर्धा तास डोळे मिटून अशी बसायचीस की त्या अर्ध्या तासात मी तुझा कोणीच नव्हतो. मला तुझ्या देवाचा राग नव्हता गं. मला त्या अर्ध्या तासाचा राग होता.

गावची खबर अशी की ती हाक आता सगळ्यांची झाली आहे. परवा धानाच्या पोत्यांची ट्रॉली चिखलात बसली तेव्हा लोकांनी तुझ्या मंत्रावर ओढून काढली. शाळेतली पोट्टी रस्सीखेच खेळताना तेच म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पण हसलो होतो, हेही लिहून टाकतो.

माळ मी खुंटीवरून काढली आहे. धूळ बसत होती.

लिलाधर


आंधळगाव
दि. २१ मार्च २०२५

सत्यभामा,

होळी झाली. रंजूने पोळ्या केल्या, तुझ्यासारख्या नाही जमल्या, पण मी छान झाल्या म्हणालो. ती रडली. मग मिथुन जेवला नाही. तू नसलीस की या घरात कोणाला कसं वागावं ते कळत नाही.

मी सकाळी माळ घेऊन बसतो आहे. हसू नकोस. किंवा हस.

तुझ्या जागेवर बसायला धजलो नाही, खांबाला टेकून बसतो. तू कशी करायचीस ते आठवून करतो. माळ मधल्या बोटावर, अंगठ्याने एक एक मणी आपल्याकडे ओढायचा, पहिलं बोट लांब ठेवायचं. हे पहिलं बोटच मला आवरत नाही. जन्मभर त्याच बोटावर जाळ्याची दोरी धरली, मासोळी लागली की तेच बोट सांगतं. मणी सरकला की ते आपोआप येऊन चिकटतं. दुसरं म्हणजे हाताला इतके घट्टे पडले आहेत की तुळशीचा बारीक मणी लागतच नाही. एकाच्या जागी दोन जातात. वरच्या मोठ्या मण्यापाशी आलं की ओलांडायचं नाही, माळ उलटी फिरवून परतायचं, हे तू मिथुनला सांगताना ऐकलं होतं. तो मणी तेवढा लागतो.

एकदा मी तुला चिडवायला विचारलं होतं, "एवढं नाव घेऊन काय धरलं वो तुनं?" तू म्हणालीस, "धराचं नाही जी. सोडत जाचं. मनी गेला का गेला." तेव्हा मला ती मूर्खपणाची गोष्ट वाटली होती. माझं सगळं आयुष्य धरण्यात गेलं. आता बसतो तेव्हा प्रत्येक मण्याला काहीतरी धरून ठेवतो. तुझं जाणं, मारोतरावांचा आवाज, माणसांचं हसणं. एकशे आठ मणी होतात आणि सुटत काहीच नाही.

कोणतं नाव घेतो, हे तू विचारशील. इथे माझी मान खाली जाते. दुसरं मला येतच नाही. तुझ्या मंत्रातलंच घेतो.

आणि आता ते सांगतो जे आधी सांगायला हवं होतं. तुझा मंत्र कानावर पडला, हे खोटं आहे. तू मोठ्याने कधी म्हटलाच नाहीस. ओठ हलायचे, आवाज नसायचा. गुरूने कानात दिलेला मंत्र कोणाला सांगायचा नसतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी चादर डोक्यावर घेऊन झोपेचं सोंग करायचो आणि तुझे ओठ पाहायचो. आठ सकाळी पाहिले. पाण्यात दूर उभ्या माणसाचं बोलणं वाऱ्यात ऐकू येत नाही, तेव्हा आम्ही ओठांवरूनच ओळखतो, ती विद्या मी घरात वापरली. पाचव्या दिवशी पहिला अर्धा भाग लागला, आठव्या दिवशी दुसरा. मला वाटलं होतं, त्यात माझ्याविरुद्ध काही असेल. साधं नाव निघालं. मला तर उलट राग आला, की एवढ्यासाठी?

ते दोन तुकड्यांत पडतं आणि मध्ये 'हैय्या' बरोबर बसतं, हे मला जाळं अडकण्याच्या आधीपासून माहीत होतं. मनात म्हणून पाहिलं होतं.

लिलाधर


आंधळगाव
दि. ९ एप्रिल २०२५

सत्यभामा,

मिथुन परवा तुझ्याकडे येऊन गेला. संध्याकाळी घरी आला तो सरळ माझ्यासमोर बसला. मी विचारलं, "माय काय म्हणते?" तो म्हणाला, "माय जप नाही करत आता."

मला वाटलं, माळ इथे आहे म्हणून. मी म्हणालो, उद्याच देऊन ये माळ. तो म्हणाला, "माळीचं नाही बाबा. मामानं नवी आनून देल्ली तिले. ते म्हनते, डोळे मिटून नाव घेतलं का मागून तीस मानसं हैय्या म्हनतेत. आवाज जातच नाही म्हनते. माईजीले विचारलं, त म्हने थांब, निवेल. दोन महिने झाले, निवून नाही राहिला."

हे सांगून तो उठला आणि बाहेर गेला. ताट तसंच राहिलं.

मी काय समजत होतो? नाव चोरलं, चार लोकांत उडवलं, तुझा अपमान झाला. अपमान भरून काढता येतो. पाया पडेन, पंचांसमोर माफी मागेन, असं सगळं मी मनात मांडून ठेवलं होतं. पण मी तुझ्या डोक्याच्या आत जाऊन जाळं टाकून आलो आहे, हे मला कुठे माहीत होतं? एवढ्या मोठ्या घरादारात, रांधण्या-धुण्यात, बाजारात, तुझी म्हणून एक अर्ध्या तासाची जागा होती. तिथे तीस माणसं चिखलाच्या पायांनी उभी केली मी. आणि ती आता माझ्या सांगण्याने निघत नाहीत.

मला लाज वाटते, सत्यभामा. ही ओळ लिहायला मला चार पत्रं लागली. आरशात पाहून दाढी करायची तर मी डोळे फक्त गालावर ठेवतो.

आता शेवटचं. हे मी मिथुनला सांगितलेलं नाही, कोणालाच नाही. तू पाळीवर आहेस हे मला नंतर कळलं, असं पहिल्या पत्रात लिहिलं होतं. मला आधी कळलं होतं. मोहाच्या झाडाखाली तुझं हिरवं पातळ दिसलं, डोक्यावर शिदोरीची टोपली. बुवांचा घसा काही बसला नव्हता, मीच म्हटलं, बुवा, आता मी देतो. तुला दिसलं पाहिजे, ऐकू आलं पाहिजे, म्हणून हाक दिली. मग पाण्याकडे तोंड फिरवलं. तुझा चेहरा पाहायची हिंमत नव्हती, पण तो कसा झाला असेल ते डोळ्यांसमोर आणून मी आणखी जोराने ओरडलो.

ये म्हणून आता लिहीत नाही. कोणत्या तोंडाने लिहू?

जप बंद केला आहे. ते नाव माझं नाही.

लिलाधर


आंधळगाव
दि. २४ एप्रिल २०२५

सत्यभामा,

काल तलावावर मोठं जाळं टाकायचं होतं. पाणी कमी झालंय, हीच वेळ. माणसं जमली, मंगरूबुवा पुढे झाले आणि तुझ्या मंत्रानेच सुरुवात करणार, तेवढ्यात मी पाण्यात उतरून त्यांच्या समोर उभा राहिलो.

मी याआधीही दोनदा सांगून पाहिलं होतं, की हे म्हणू नका. राजकुमार म्हणाला होता, "आता ते तलावाचं झालं गा, तुह्या घरचं नाही राह्यलं." दोन्ही वेळा मी सचिवासारखा बोललो होतो, म्हणजे कारण न देता. काल कारण दिलं. सगळं सांगितलं. आठ सकाळी ओठ पाहिले ते. पाळीवर तुला पाहून मुद्दाम ओरडलो ते. तुझा जप बंद झाला, डोळे मिटले की तुला आम्हीच दिसतो, तेही. तीस माणसांत मिथुन होता. माझं करणं त्याला पहिल्यांदा कळलं, सगळ्यांबरोबरच कळलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता, हातातल्या दोरीकडे पाहत होता.

कोणीच हसलं नाही. बुवा बराच वेळ पाण्यात थुंकत उभे राहिले. मग म्हणाले, "आमच्या तोंडात कायले घातलं गा तुनं हे? मी त्या बाईच्या हातचं पानी पेलो हाय." एवढंच म्हणून रांगेत जाऊन उभे राहिले. हाक द्यायला कोणी पुढे झालं नाही. दुसरी जुनी हाक होती, पण ती द्यायलाही कोणाचं तोंड उघडेना.

जाळं मुक्याने ओढलं. तू कधी पाहिलं नसशील, मीही पाहिलं नव्हतं. एक रांग पुढे जाते, दुसरी मागे राहते, कोणाचा पाय कधी पडतो ते कोणाला कळत नाही. तळाची दोरी उचलली गेली आणि अर्धी मासळी खालून निघून गेली. आमच्या डोळ्यांसमोरून गेली. राजकुमार दोनदा पडला. कोणी शिवी दिली नाही.

संस्थेचा राजीनामा दिला आहे. तो अर्ज मात्र चांगला लिहिला गेला.

मिथुन माझ्याशी बोलत नाही. रंजू ताट वाढते आणि आत जाते. हे तुला कीव यावी म्हणून लिहीत नाही, घरची खबर म्हणून लिहितो. याच्याखाली लपवलेलं आता काहीच उरलं नाही. तपासून पाहिलं.

लिलाधर


अड्याळ
२ मे

मिथुनच्या बाबाले,

तुमची पाचही पत्रं मीच वाचली. शेवटल्याले चार रोज लागले, तुमचं अक्षर शेवटी शेवटी बारीक झालं.

जाळं मुक्यानं ओढू नका. मानूस पडंल, जाळ्यात गुतंल, मंग काय कराचं? बुवाले सांगा, जुनी हाक द्या म्हना. माह्याकडून सांगा.

तुमी मले पाळीवर पाह्यलं होतं, हे मले त्याच दिवशी मालूम होतं. मी बी तुमाले पाह्यलं. तुमी पान्याकडं तोंड फिरवलं, तेही पाह्यलं. मंतर गेल्याचं दुख झालं, पन मी त्यानं नाही निघाली. मले वाटलं, घरी येऊन तुमी म्हनाल, सत्यभामा, मी तुले पाहूनच बोललो. इतकं म्हनलं असतं त मी भांडली असती, रडली असती, अन मंग भात वाढला असता. दोन रोज वाट पाह्यली. तुमी म्हनलं, तोंडातून निघून गेलं. तवा पिशवी भरली.

पहिलं पत्र आलं, त्यात बी तेच. दुसरं आलं, तिसरं आलं, म्या पहिले तेच शोधलं, पाळीचं काय लिवलं हाय. चौथ्यात भेटलं. त्या दिवशी मी जेवली.

जपाचं म्हनाल त अजून तसंच हाय. हैय्या आयकू येते. माईजी म्हनते, आयकू येते त येऊ दे, त्या मानसाइले बी बसव आपल्यासंगं. करून पाहून राहिली. कदी जमते, कदी नाही. तुमच्या माफीनं ते जानार नाही, अन तुमी ते मनाले लावून मराचं बी नाही.

घरी कवा येईन ते मले अजून कळत नाही. सोमवारी इथं बाजार असते. दादाच्या वाडीतले वांगे घेऊन मी बसतो. तुमी या. नेवाले नोका येऊ, बसाले या. दिवसभर माह्या बाजूले बसा लागंल, वांगे मोजून द्या लागंल. सारी बायाइचीच लाइन हाय, एक बी मानूस नाही बसत तिथं. आंधळगावचे बी लोक येतेत बाजाराले, पाहतीन, हासतीन. लाज वाटंल तुमाले.

वाटू द्या.

सत्यभामा